दुसऱ्या सरांचं पत्र

आधी क्षमा मागतो. मंडळाच्या या अंकात दरवर्षी ज्यांचं लिखाण येतं त्यांनी हॉस्पिटलांत विभाग चालवले आहेत, कंपन्या उभ्या केल्या आहेत, निवृत्त होऊन नातवंडांना मराठी शिकवत आहेत. मी अजून विद्यार्थीच आहे, आणि तोही उशिराचा. माझं मराठी चाळीसगावच्या शाळेतलं, दहावीपर्यंतचं. त्यानंतर आत्याने आमच्यासाठी भरलेल्या ग्रीन कार्डाच्या कागदांचा नंबर लागला आणि आम्ही सगळे न्यू जर्सीत आलो. बाबा हॉटेलच्या मेंटेनन्समध्ये लागले, आई ब्रेडच्या कारखान्यात. कॉलेजला गेलेला घरातला पहिला मी, त्यामुळे कॉलेज म्हणजे काय हे घरी विचारण्यासारखं कोणी नव्हतं, आणि बाहेर विचारायची लाज वाटायची.

संपादक काकूंनी मला मंडळाच्या कोजागरीला विचारलं, "तू काय काम करतोस रे?" मी म्हटलं, "काकू, मी पत्रं गोळा करतो."

"पोस्टात आहेस?"

"नाही, कॉलेजात. मेडिकलला जाणाऱ्यांची शिफारसपत्रं."

"त्याला माणूस लागतो?" त्या म्हणाल्या. आणि मग, "तेच लिही. आमच्या घरी दोन डॉक्टर आहेत, पण हे मला माहीत नव्हतं."

म्हणून लिहितोय. खरं तर मला एकाच पत्राबद्दल सांगायचं आहे. ते पत्र आलं नाही. पण काम काय असतं हे आधी सांगितल्याशिवाय ते समजणार नाही.

इथे मेडिकल स्कूलला नुसते मार्क चालत नाहीत. तुम्हाला ओळखणाऱ्या माणसांनी तुमच्याबद्दल लिहावं लागतं. साधारण रीत अशी की, ज्यांनी तुम्हाला वर्गात शिकवलं आणि मार्क दिले असे दोन सायन्सचे शिक्षक, आणि जमल्यास सायन्सच्या बाहेरचा एखादा शिक्षक, डॉक्टर किंवा जिथे काम केलं तिथला वरिष्ठ. प्रत्येक स्कूलचा नियम थोडा वेगळा. पत्र गुप्त असतं. अर्जदार आधीच लिहून देतो की मला हे पत्र बघायचा हक्क नको. लिहिणारा माणूस ते थेट सगळ्या स्कूलांच्या सामायिक अर्जसेवेकडे किंवा आमच्या ऑफिसकडे पाठवतो. मीसुद्धा ते वाचत नाही. लेटरहेड आहे का, तारीख आहे का, सही आहे का, एवढंच बघतो आणि फाईल पुढे सरकवतो. वाचायचा अधिकार फक्त आमच्या मुख्य सल्लागार बाईंना. त्यांचं नाव डेब्रा. तोंडावर मी डेब्रा म्हणतो, इथे तशीच पद्धत आहे, पण लिहिताना हात धजत नाही म्हणून डेब्राबाई लिहितो. सुरुवातीला मी मॅडम म्हणायचो, तर त्या दर वेळी दचकून विचारायच्या, "काय चुकलं?"

सरळ रस्त्याने येणाऱ्या मुलांची पत्रं येतात. बाविशीच्या मुलाचे शिक्षक तिथेच असतात, तो त्यांना दारात गाठतो. अवघड असतात ते वेगळ्या वाटेने आलेले. दुसरं आयुष्य जगून मग डॉक्टर व्हायला निघालेले. त्यांचे शिक्षक निवृत्त झालेले असतात, वारलेले असतात, दुसऱ्या देशात असतात. काही स्कूल म्हणतात, शिक्षण संपून बरीच वर्षं झाली असतील तर शिक्षकाऐवजी साहेबाचं पत्र चालेल. काही म्हणतात, नाही, शिक्षकच हवा. कोण काय म्हणतं ते कळायला फोन करावा लागतो. ते फोन मी करतो. हे माझं काम.

आमच्याकडे लष्करातून आलेला एक गडी होता, रणांगणावर जखमींना बघणारा. त्याचा वरिष्ठ सतत कुठल्या तरी तळावर. शेवटी पत्र आलं ते अर्ध्या पानाचंसुद्धा नव्हतं. मी काळजीने डेब्राबाईंना म्हटलं, "फारच छोटं आहे, परत मागवू का?" त्यांनी ते वाचून फाईलला लावलं आणि म्हणाल्या, "नको. याच्याहून मोठं पत्र मी पाहिलेलं नाही." काय लिहिलं होतं ते मला आजही माहीत नाही. तो गडी आता डॉक्टर आहे.

आपली माणसंही येतात. पार्सिपनीचे एक काका मुलीसाठी स्वतः फोन करायचे. "अरे, तू मराठी ना? मग काम सोपं झालं. आपल्या मंडळात किती डॉक्टर आहेत, सांग कोणाचं आणू." मी सांगितलं की मुलीला कामात बघितलेलं हवं. ते म्हणाले, "बघितलंय की. गणपतीत तीच तर सगळं स्टेज सांभाळते." मुलगी मागून ओरडत होती, "बाबा, प्लीज हँग अप." मंडळातल्या एका निवृत्त डॉक्टर काकांनी तर मला मोठेपणाने सांगितलं होतं, "कुणालाही पाठव माझ्याकडे. फक्त पत्र ज्याचं त्याने लिहून आणायचं. मी सही करतो. आम्हीही असंच केलं. आमच्या सरांनी आमचं पत्र कधी वाचलंसुद्धा नाही." मी हे डेब्राबाईंना सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं मी विनोद करतोय. मला तो विनोद वाटला नव्हता. आपल्याकडे सर म्हणजे सही. इथे सर म्हणजे साक्षीदार. हा फरक कळायला मला दोन वर्षं लागली.

सुजाता ताई आल्या त्या जानेवारीत. चाळिशी नुकतीच ओलांडलेली, खांद्याला मोठी पर्स, अंगात हॉस्पिटलचा निळा गणवेश. टेबलावरची माझ्या नावाची पाटी वाचून त्यांचा जीव भांड्यात पडल्यासारखा दिसला. "तू आपला आहेस का रे? बरं झालं बाई. मराठीत सांगते."

त्या अकोल्याच्या. बी.एस्सी. झाल्यावर लग्न होऊन इथे आल्या. बरीच वर्षं नवऱ्याच्या व्हिसावर घरी बसून होत्या, काम करायची परवानगी नव्हती. परवानगी मिळाल्यावर रक्त काढण्याचा कोर्स केला आणि हॉस्पिटलात लागल्या. ज्यांची शीर सापडत नाही असे म्हातारे, कॅन्सरचे पेशंट, लहान बाळं, ही सगळी त्यांच्याकडे पाठवायचे. ग्रीन कार्ड आलं आणि त्यांनी ठरवलं की आता डॉक्टर व्हायचं. भारतातले विषय इथे चालत नाहीत, म्हणून सगळं सायन्स परत केलं, आमच्याच कॉलेजात, संध्याकाळच्या वर्गांत. सगळ्यात ए ग्रेड. प्रवेशपरीक्षाही चांगली गेली होती. राहिलं होतं ते पत्रांचं.

डेब्राबाईंनी फाईल चाळली, खूश झाल्या. मग नेहमीचा प्रश्न विचारला, "तुला कोण ओळखतं?"

ताईंनी शिक्षकांची नावं सांगितली.

"म्हणजे, तू कोणाच्या ऑफिसमध्ये जायचीस? कोणाशी बोलायचीस?"

ताईंनी माझ्याकडे बघितलं आणि हळू इंग्रजीत म्हणाल्या, "मी कधी कोणाला त्रास दिला नाही."

त्यांना ते चांगलं वाटत होतं. मलाही आतून तसंच वाटलं. आमच्या शाळेत सरांच्या खोलीत जायचा तो एक तर मार खायला किंवा चमचेगिरी करायला. गुणी मुलगा म्हणजे तिसऱ्या बाकावर बसून सगळं लिहून घेणारा. इथे प्राध्यापक दारावर वेळ लिहून वाट बघत बसतात आणि आपली मुलं त्या दारावरून दबकत निघून जातात. ताई दोन वर्षं तशाच निघून गेल्या होत्या.

बायोलॉजीच्या सरांनी पत्र द्यायचं कबूल केलं. पण मोठ्या वर्गातली ही नक्की कोण ते त्यांना आठवेना. ते प्रामाणिकपणे म्हणाले, "ए मिळवला एवढं लिहीन, त्यापुढे मला माहीत नाही." फिजिक्सच्या बाईंनी स्पष्ट नाही म्हटलं, ओळख नसलेल्या विद्यार्थ्यासाठी त्या लिहीत नाहीत. केमिस्ट्रीचा पहिला वर्ग ऑनलाइन झालेला, तिथे ओळखीचा प्रश्नच नव्हता. म्हणजे सायन्सचं एक पत्र कसंबसं मिळत होतं. दुसरं कुठून आणायचं हा प्रश्न होता, आणि बहुतेक स्कूलांना दुसरं हवंच होतं.

डेब्राबाई मीटिंगला गेल्यावर ताई माझ्या टेबलाशी बसून राहिल्या. पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "एक सर होते तसे."

हे वॉल्टर सर. ऑरगॅनिक केमिस्ट्री शिकवायचे, वर्ग आणि लॅब दोन्ही, वर्षभर. आपल्याकडे तासिका तत्त्वावर शिक्षक असतात ना, तसे. या कॉलेजात दोन तास, त्या कॉलेजात तीन, पुस्तकं गाडीच्या डिकीत, स्वतःचं ऑफिस कुठेच नाही. त्यामुळे त्यांना भेटायला कुठल्या दाराशी जावं लागायचं नाही. लॅब संपली की ते तिथेच डबा उघडून सँडविच खायचे. मिलिंद दादा, म्हणजे ताईंचे मिस्टर, घ्यायला येईपर्यंत ताई काचेची भांडी धुवायला मदत करायच्या. बोलणं व्हायचं. मुलाबद्दल, रक्त काढण्याबद्दल, अकोल्याच्या उन्हाबद्दल.

"शेवटच्या लॅबला त्यांनी स्वतःहून विचारलं," ताई म्हणाल्या. "म्हणाले, तू मेडिकलला अर्ज करणार असशील तर मला पत्र लिहायला आवडेल."

मी खुर्चीत सरळ झालो. "मग?"

"मग काय. मी म्हटलं, नो नो सर, प्लीज, तुम्ही कशाला त्रास घेता."

"आणि ते?"

"ते म्हणाले, ओके. आणि बॅग बंद केली."

त्याच पुढे म्हणाल्या, "मला वाटलं, परत विचारतील. पेपरच्या दिवशी मी मुद्दाम मागे थांबले होते. ते छान हसले, गुड लक म्हणाले. मग मला वाटलं, बोलायची पद्धत असेल इथली. आपण नाही का म्हणत, या कधी घरी."

मला पुढचं काही विचारावं लागलं नाही. आमच्या घरी पाहुण्याने पहिल्या झटक्यात चहाला हो म्हटलं तर आई चहा करते, पण तो गेल्यावर त्याच्याबद्दल बोलते. पहिल्यांदा नको म्हणायचं असतं. दुसऱ्यांदा, अहो कशाला उगाच. तिसऱ्यांदा यजमान काही न बोलता आधण ठेवतो. ज्याने तिसऱ्यांदा विचारलं नाही त्याला मुळात द्यायचंच नव्हतं, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही.

डेब्राबाईंना मात्र शिकवावं लागलं.

"त्याने विचारलं आणि ती नाही म्हणाली?"

"हो."

"पण तिला हवं होतं."

"हो."

"मग नाही का म्हणाली?"

"ते परत विचारतील म्हणून."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पण इथे कोणी परत विचारत नाही," त्या म्हणाल्या. "परत विचारणं म्हणजे जबरदस्ती. तो सभ्य माणूस असेल तर मुळीच विचारणार नाही."

वॉल्टर सरांचा कॉलेजचा ईमेल बंद झाला होता. केमिस्ट्रीच्या ऑफिसात कळलं की त्यांनी आमच्याकडे शिकवणं केव्हाच सोडलं, पलीकडच्या काउंटीतल्या कॉलेजात विचारा. तिथे फोन केला तर तेही सोडलेलं. तिथल्या सेक्रेटरी बाई भल्या होत्या. म्हणाल्या, "पत्ता देता येत नाही, पण तुम्ही मला पत्र पाठवलंत तर मी त्यांच्या शेवटच्या पत्त्यावर टाकीन."

ते पत्र लिहायला ताईंनी मला घरी जेवायला बोलावलं. पार्सिपनीला, एकसारख्या घरांच्या रांगेतलं टाउनहाउस, दारात मुलाची सायकल. मुलगा अर्णव, नववीतला. मिलिंद दादा आयटीत आहेत आणि दिवसभर घरूनच काम करतात. दार उघडताच म्हणाले, "ये ये. डॉक्टरीणबाई लॅपटॉप घेऊन बसल्यात. आज आमटीत मीठ नाही, आधीच सांगतो."

"पत्र लिहू दे रे मला," आतून आवाज आला.

"अगं, लिही ना. मी काय म्हणतोय? मला फुकट बीपी बघून मिळणार आहे, माझाच फायदा आहे."

ताईंनी लिहिलेलं पत्र अर्णवने वाचलं. तो बहुतेक इंग्रजीतच बोलतो, मधूनमधून मराठी. "आई, यू सेड सॉरी इन एव्हरी लाइन."

"मग? माफी नको का मागायला? दोन वर्षं झाली, एक ईमेल नाही केला मी त्यांना."

"पण तुला हवंय काय ते शेवटच्या लाइनमध्ये आहे. पुट इट फर्स्ट."

"पहिल्याच ओळीत मागायचं? बरं दिसतं का ते?"

शेवटी मिलिंद दादांनी निवाडा केला. एक सॉरी वर, एक खाली, मधे काम. जेवताना ताईंनी माझ्या ताटात आणखी एक पोळी टाकली. मी हात आडवा धरून नको म्हणत होतो, तरी टाकली.

"आई, ही सेड नो," अर्णव म्हणाला.

"पहिल्यांदा सगळे नकोच म्हणतात," ताई म्हणाल्या आणि वरून तूप वाढलं. मग त्यांचा हात थांबला. तुपाचं भांडं घेऊन त्या आत गेल्या आणि बऱ्याच वेळाने बाहेर आल्या. आम्ही तिघे जेवत राहिलो.

पत्र गेलं. उत्तर आलं नाही. एप्रिलमध्ये दुसरं पाठवलं. मे आला, अर्ज उघडले. डेब्राबाई म्हणाल्या, थांबून चालणार नाही, जे आहे त्यावर भरू. हॉस्पिटलात ताईंच्या वरच्या बाई होत्या, ग्लोरिया. त्यांनी लांबलचक पत्र दिलं. पानं उलटताना मलाच बरं वाटलं. मग मी फोनला बसलो. स्कूलमागून स्कूल. "आमच्या अर्जदाराकडे सायन्सचं एकच पत्र आहे, दुसऱ्याऐवजी साहेबांचं चालेल का?" काही जण ऐकून घ्यायचे. एक मुलगी म्हणाली, माझी आईपण अशीच उशिरा शिकली, थांबा, विचारून सांगते. तिने खरंच विचारलं, आणि उत्तर नाही आलं. बाकीचे म्हणायचे, नियम वेबसाइटवर आहेत. प्रत्येक फोननंतर मी यादीतलं एक नाव खोडत होतो, आणि संध्याकाळी ताईंना सांगायचं काम माझंच होतं.

"किती राहिली रे?"

"थोडीच, ताई."

"चालेल. जायचं एकाच ठिकाणी आहे."

मीही पुढे हाच अर्ज भरणार आहे. त्यांच्याकडे बघताना मला माझी तिसऱ्या बाकावरची सगळी वर्षं दिसायची.

राहिलेल्यांपैकी एका स्कूलने मुलाखतीला बोलावलं. ताईंनी डेब्राबाईंच्या सांगण्यावरून काळा सूट घेतला. मिलिंद दादा म्हणाले, "वकील दिसतेस. चुकून कोर्टात जाऊ नकोस." मुलाखत चांगली झाली. एका डॉक्टरांनी विचारलं, शीर सापडत नाही तेव्हा काय करता? ताई म्हणाल्या, आधी पेशंटचा हात माझ्या हातात धरून ठेवते, गरम होईपर्यंत. ते डॉक्टर हसले आणि लिहून घेतलं. परत आल्यावर हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

मार्चमध्ये कळलं, प्रतीक्षायादी. हो नाही आणि नाहीही नाही. कोणी जागा सोडली तर बोलावू. ही यादी उन्हाळाभर हलते, कधी कधी वर्ग सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यापर्यंत. डेब्राबाई म्हणाल्या, आता दुसरं सायन्सचं पत्र आलं तर अजूनही जोडता येईल, प्रतीक्षायादीतल्यांची नवी पत्रं ते स्कूल बघतं. म्हणून मी सेक्रेटरी बाईंकडे तिसरं पत्र पाठवलं. त्या म्हणाल्या, "मी टाकते, पण आधीची परत आली नाहीत, म्हणजे कुठे तरी पोचतायत." त्यावर आम्ही पुष्कळ दिवस काढले. पोचतायत.

त्या उन्हाळ्यात ताई फोन ॲप्रनच्या खिशात ठेवायच्या. रक्त काढताना तो थरथरला तरी बघायच्या नाहीत. नळ्यांवर लेबलं लावून झाली, पेशंटच्या हाताला कापूस लावून झाला, की मग कॉरिडॉरमध्ये जाऊन बघायच्या. बहुतेक वेळा मिलिंद दादांचा असायचा, भाजी कोणती आणू.

ऑगस्टमध्ये यादी बंद झाल्याचा ईमेल आला. डेब्राबाईंनी त्या स्कूलमध्ये ओळखीच्या बाईंना फोन केला. तसं कारण सांगत नाहीत, पण त्या एवढं बोलल्या की माणूस सगळ्यांना आवडला होता, शिक्षकांच्या बाजूने फाईल हलकी पडली. वर्गात ही बाई कशी आहे हे कोणी सांगितलंच नाही.

मी ताईंना पुढच्या वर्षीचं विचारलं. त्या म्हणाल्या, "नाही रे. परीक्षेचे मार्क जुने होतील, पुन्हा बसावं लागेल. अर्णवचं कॉलेज येईल. आणि मी आता कुठे जाऊन नवीन सरांशी ओळख करू?" आवाज शांत होता. पर्सचा पट्टा मात्र बोटाला गुंडाळलेला.

सप्टेंबरमध्ये ऑफिसात फोन वाजला. ओहायोहून एक म्हाताऱ्या बाई बोलत होत्या. "तुम्ही माझ्या नवऱ्याला पत्रं पाठवली होती. मी वॉल्टरची बायको."

आम्ही पहिलं पत्र पाठवलं त्याच्या आधीच्या थंडीत सरांना पक्षाघाताचा झटका आला होता. त्या त्यांना घेऊन मुलीजवळ राहायला गेल्या. न्यू जर्सीचं टपाल शेजारी गोळा करून पिशवीतून पाठवायचे. बिलं तेवढी बघायची, बाकी ठेवून द्यायचं, अशी दीड-दोन वर्षं गेली. आता सवड झाली म्हणून त्यांनी पिशव्या उघडल्या होत्या. सरांना समजतं सगळं, पण बोलता येत नाही आणि उजवा हात चालत नाही.

"मी त्याला पत्र वाचून दाखवलं," त्या म्हणाल्या. "तो हसला आणि मग रडला. आता त्याला दोन्ही एकदमच येतं, त्यामुळे मी फार मनावर घेत नाही. पण नाव ऐकून त्याने डोळे मोठे केले. ती भारतातली, भांडी धुणारी, हो ना?"

मी हो म्हटलं.

"मला माहीत आहे ती. त्या रात्री घरी येऊन तो मला म्हणाला होता, इतक्या वर्षांतली सर्वांत चांगली विद्यार्थिनी, मी पत्र देऊ का विचारलं तर नको म्हणाली. त्याला जरा लागलं होतं. मी म्हटलं, अरे, तू तासावर शिकवणारा माणूस, तिच्याकडे कोणी मोठ्या नावाचा असेल. तो म्हणाला, हो, असेलच."

मग त्यांनी विचारलं, "मिळाला का तिला प्रवेश?"

मी नाही म्हणालो. पलीकडे टीव्ही चालू असल्याचं ऐकू येत होतं. शेवटी त्यांनी पत्ता सांगितला, मी लिहून घेतला.

फोनवर सांगायचं मला जमेना म्हणून दुसऱ्या दिवशी मी ताईंच्या हॉस्पिटलात गेलो. कॅन्टीनमध्ये डबा उघडून बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "बस, खा थोडं." मी सगळं सांगितलं, बाई बोलल्या तसं, त्याच क्रमाने. मोठ्या नावाचं सांगताना माझा आवाज खाली गेला, पण गाळलं नाही.

ताईंनी आधी सरांबद्दल विचारलं. गिळता येतं का, उठवून बसवतात का, पाठीला जखमा तर नाहीत ना. मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. मी पुढे केलेला पत्त्याचा कागद त्यांनी घडी करून गणवेशाच्या खिशात ठेवला, डब्याचं झाकण लावलं आणि त्यावर हात ठेवून बसल्या.

"म्हणजे सर खरंच विचारत होते," त्या म्हणाल्या.